सहीतला ळ

एअरपोर्टवर माझ्या हातबॅगेत सायकलची घंटी होती.
फक्त घंटी. सायकल गुहागरला गेल्यावर घ्यायची होती.
पासपोर्ट बघणाऱ्या पोराने स्क्रीन बघितली,
मला बघितलं, परत स्क्रीन,
आणि बोटाने सांगितलं, बाजूला.

तिथे कळलं, माझ्याकडे सात फोन आहेत.
सातही महागडे, दोन वर्षांच्या करारावरचे,
सातही पोस्टपेड, सातांचंही बिल थकलेलं.
माझा आठवा, तडकल्या काचेचा,
बायकोला नुसता मिस्ड कॉल देणारा,
तेवढा खिशात थरथरत होता.

शारजाच्या ठाण्यात हाडं गोठवणारा एसी.
मी एसीच दुरुस्त करतो. कान लावून सांगतो
कुठला कॉम्प्रेसर खोटं बोलतोय.
त्या खोलीत सगळे खरं बोलत होते,
मशीनसुद्धा.

वकिलाच्या ऑफिसातला कुरियन म्हणाला,
हा गुन्हा दोन पायांवर उभा राहतो,
सही आणि हेतू.
एक पाय काढला तरी खाली बसतो.
नाही बसला तर दंड, किंवा आत,
आणि शेवटी घरी.
"घरी" हा शब्द त्याने
शिक्षांच्या यादीत घातला.

करार झाला चौदा तारखेला, संध्याकाळी सहा वीसला.
तेव्हा मी फुजैराला, एका शाळेच्या गच्चीवर,
पंख्याच्या पात्यात अडकलेलं कबुतर काढत होतो.
टाइमशीट आहे, फोरमनचा शिक्का आहे.
कबुतराची साक्ष चालत नाही.

एक गोष्ट कुरियनला उशिरा सांगितली.
वरच्या बंकवरचा पड्याळ म्हणाला होता,
माझ्या बताक्याची मुदत संपलीय रे,
तुझ्यावर एक सिम काढतो, एकच.
मी झेरॉक्स दिली.
त्याने पन्नास दिरहम दिले, मी ते घेतले.
पुढच्या महिन्यात पड्याळ दिसला नाही,
त्याची चादर मात्र घडी घालून ठेवलेली.

कोर्टात नाव पुकारलं : गवाली.
मी बसून राहिलो. शेजारच्याने ढोसलं.
दुभाषी हैदराबादचे, शुजाउद्दीन साहेब.
माझं मराठी आधी माझ्या तोंडात हिंदी व्हायचं,
मग त्यांच्या तोंडात अरबी,
आणि जज्जसाहेबांपर्यंत पोचेतो
मी बहुतेक बराच हुशार माणूस झालेला असायचो.

फोन घेतले का?
नाही.
मग काय घेतलं?
असं त्यांनी विचारलंच नव्हतं,
पण माझ्या कानाला तसं ऐकू आलं
आणि मी म्हणालो, पन्नास.
कुरियनने डोळे मिटले.

मग कागद आला. सही कर, दहा वेळा.
मी केली, शाळेत शिकलो तशी,
विश्राम घवाळी, शेवटच्या गाठीसकट.
करारावर इंग्रजीत कुणी वळणदार घवाली होता,
ताठ, ओळीत उभा, बिनगाठीचा.
जज्जसाहेबांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला.
ही गाठ काय आहे?
शुजाउद्दीन साहेब म्हणाले, लाम.
मी म्हणालो, नाही साहेब. ळ.
जीभ मागे वळवा. टाळूला लावून सोडा.
त्यांनी भर कोर्टात जीभ वळवली, जमेना.
कारकुनाने काहीतरी लिहून घेतलं,
कुठल्या अक्षरात, देव जाणे.

कागद तज्ज्ञाकडे गेलेत. पुढची तारीख आहे.
कंपनीचा माणूस म्हणतो, केस सुटली तरी
बिल तुमच्याच नावावर,
त्याचा अर्ज वेगळा, खिडकी वेगळी.

पड्याळच्या बंकवर चिपळूणचा पोरगा आलाय.
काल विचारत होता, काका, झेरॉक्स कुठे मिळते?
मी त्याला नेलं. कॉपीवर आडवं लिहायला लावलं,
कुणाला दिली, कशासाठी, तारीख.
खाली सही कर म्हटलं, मराठीत.
तो हसला. त्याचं आडनाव मोरे.

घंटी अजून बॅगेत आहे.
पलंगाखाली बॅग सरकवली की वाजते.
पन्नास दिरहमचं काय केलंस,
हे कोर्टाने अजून विचारलेलं नाही.